दीड फुटाची पायरी

आगगाडीच्या डब्याची जमीन आणि उंच फलाटाची फरशी ह्यांमध्यें आपल्या देशांत सुमारें दीड फुटाचें अंतर असतें. धडधाकट मनुष्यास तें जाणवतही नाहीं. एक हात दांडीला, एक पाय पायरीवर, आणि तो आंत गेलेला असतो. परंतु ज्याचे पाय चालत नाहींत, ज्याचे गुडघे वाकत नाहींत, किंवा पक्षाघातानें ज्याचें अर्धें अंग लुळें पडलें आहे, त्यास हें दीड फूट किल्ल्याच्या तटासारखें वाटतें. गाडी समोर उभी आहे, तिकीट हातांत आहे, भाड्यांत सवलतही मिळाली आहे; आणि तरी तो बाहेरच आहे. शाळेच्या वार्षिक अंकांत असा विषय कशाला, असें कोणास वाटेल. पण आमच्या वर्गांतून दर वर्षीं जीं मुलें बाहेर पडतात, त्यांपैकीं कांहींच्या आयुष्याची दिशा ह्याच अंतरावर ठरते, हें आम्हीं पाहिलें आहे. म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

प्रथम मापें पाहूं. रुंद मार्गावरील उंच फलाट रुळाच्या माथ्यापासून ७६० ते ८४० मिलिमीटर उंच असतो, आणि लांब पल्ल्याच्या डब्यांची जमीन सुमारें १,३०० मिलिमीटर उंच असते. ही वजाबाकी आमच्या पांचवीच्या मुलासही करतां येईल. पण सर्वच फलाट उंच नसतात. मध्यम फलाट ४५५ मिलिमीटरांचा असतो. तेथें अंतर पावणेतीन फुटांवर जातें. आणि जेथें फलाट जवळजवळ रुळाच्या बरोबरीनें असतो, तेथें डब्याचें दार चार फुटांहून उंच राहतें व शिडी चढावी तसें चढावें लागतें. तेथें वृद्ध स्त्रियांची काय दशा होते, हें वर्णन करून सांगावयास नको.

आमच्या जिल्ह्यांतील आगगाडी जुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं, निजामाच्या राजवटींत, पूर्णेहून हिंगोलीपर्यंत मीटरगेज मार्ग आला. ‘हिंगोली डेक्कन’ हें स्टेशनाचें नांव अजूनही चालू आहे. पुढें हा मार्ग उत्तरेस अकोला व खांडव्यापर्यंत जोडला गेला, आणि २००८ सालीं पूर्णा ते अकोला हा भाग रुंद झाला. राज्य बदललें, रुळांची रुंदी बदलली, कोळशाचें इंजिन जाऊन दुसरें आलें. ह्या सर्व फेरफारांत एक पायरी मात्र होती तेथेंच राहिली.

ही पायरी कोणास अडविते? २०११ च्या खानेसुमारींत भारतांत २ कोटी ६८ लक्ष अपंग व्यक्ति मोजल्या गेल्या, म्हणजे शंभरांत दोनांहून थोड्या अधिक. त्यांपैकीं सुमारें ५४ लक्षांचें अपंगत्व हालचालीचें होतें. आमच्या हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या त्या वर्षीं ११ लक्ष ७७ हजार होती. देशाचें प्रमाण येथें लावलें तर संख्या २६ हजारांच्या घरांत जाते. ह्यांत वार्धक्यानें पाय थकलेले धरलेले नाहींत. गर्भवती स्त्रिया, कडेवर मूल घेतलेल्या माता, मळणीयंत्रांत हात गमावलेले मजूर, शस्त्रक्रिया करून घरीं परतणारे रोगी हेही सर्व धरलेले नाहींत. मोठ्या दुखण्यास आमच्या लोकांना नांदेड, अकोला, हैदराबाद किंवा मुंबई गांठावी लागते. औंढा नागनाथास आणि नरसी नामदेवास दूरदूरचे यात्रेकरू येतात, व त्यांत काठी टेकीत चालणारे पुष्कळ असतात. म्हणजे ज्यांना आगगाडीची गरज सर्वांत अधिक, त्यांनाच तिचें दार सर्वांत उंच, अशी ही स्थिति आहे.

सरकारनें व रेल्वेनें कांहींच केलें नाहीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. ज्यास सोबत्यावांचून प्रवास करतां येत नाहीं अशा अपंग उतारूस शयनयानांत व तृतीय वातानुकूलित वर्गांत भाड्यांत ७५ टक्क्यांपर्यंत सूट मिळते, व तितकीच सूट त्याच्या सोबत्यास मिळते. मार्च २०२० मध्यें वृद्धांची सवलत बंद झाली, तेव्हांही अपंगांची सवलत चालू ठेविली गेली. खालच्या बर्थ राखून ठेवण्याची पद्धति आहे. पुष्कळ गाड्यांस रुंद दाराचा व दांड्या बसविलेल्या मोठ्या शौचकूपाचा वेगळा कप्पा जोडलेला असतो. ह्या सर्वांबद्दल आम्ही कृतज्ञ आहों.

परंतु ह्या सवलतीच्या मुळाशीं कोणता विचार आहे, तोही पाहिला पाहिजे. अपंगाबरोबर कोणीतरी नेहमीं असणारच, तो त्यास उचलणारच, असें तिनें गृहीत धरलें आहे. सवलतीनें सोबत्याचें भाडें कमी केलें, सोबत्याची गरज कमी केली नाहीं. तो रुंद दाराचा कप्पाही बहुधा गाडीच्या अगदी टोंकास, गार्डाच्या डब्यास लागून असतो. गाडी दोन मिनिटें थांबावयाची, कप्पा पुढें येणार कीं मागें हें आधीं कळावयाचें नाहीं, आणि आला तर आंत धडधाकट माणसें पाय पसरून बसलेलीं. ज्यास दहा पावलें चालणें कठीण, त्यानें ह्या टोंकापासून त्या टोंकापर्यंत धांवावें, अशी ही अपेक्षा आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या शाळेंतून एक विद्यार्थी चांगल्या गुणांनीं बाहेर पडला. कमरेखालीं त्यास बळ नव्हतें. गणितांत मात्र वर्गांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मोठ्या शहरांतील महाविद्यालयांत त्यास प्रवेश मिळाला. वडील शेतमजूर, त्यांनीं त्यास पाठीवर घेऊन एका स्टेशनावर आणिलें. डबा फलाट संपल्यावर पुढें जाऊन थांबला. वडिलांनीं व एका परक्या गृहस्थानें त्यास पोतें चढवावें तसें आंत चढविलें. त्या गडबडींत त्याच्या पायाचा लोखंडी आधार रुळांत पडला व गाडी सुटली. डब्यांतील सर्वांनीं वडिलांच्या कष्टाची वाखाणणी केली, कोणीं मुलास केळीं दिलीं, कोणीं जागा दिली. सर्व जण भले होते. तो मुलगा दिवाळीस घरीं आला, तो परत गेलाच नाहीं. गांवीं राहून त्यानें बाहेरून परीक्षा दिल्या. आज तो लहानशा दुकानाचे हिशेब लिहितो. त्याचें म्हणणें एवढेंच होतें कीं, अभ्यास जड नव्हता, शहर जड नव्हतें. पण दर सुटीस चार लोकांनीं हातापायांस धरून उचलावें, आणि आपण प्रत्येकाचे आभार मानावेत, हें आपल्याच्यानें होणार नाहीं.

हें ऐकून कोणी म्हणेल, मुलगा मानी होता. आम्ही म्हणतों, तो मनुष्य होता. दुसऱ्याच्या हातांनीं उचललें जाणें म्हणजे काय, हें मुंबईच्या विराली मोदी ह्यांनीं २०१७ सालीं सर्व देशापुढें मांडलें. त्या व्हीलचेअर वापरतात. गाडींत चढवितांना हमालांनीं आपल्या अंगास नको तसा हात लावला, असें त्यांनीं धैर्यानें सांगितलें, आणि आगगाड्या अपंगांस चढण्याजोग्या कराव्यात म्हणून जाहीर अर्ज केला. त्या चळवळीचा परिणाम म्हणून केरळांतील एर्नाकुलम स्टेशनावर हलवितां येण्याजोग्या उतरत्या फळ्या आल्या. ज्या स्त्रीस स्वतःच्या शरीरावर कोणाचा हात पडावा हें ठरवितां येत नाहीं, तिला तिकिटांत पाऊण भाडें माफ करून आपण कोणतें मोठें दान देतों?

ज्यांचे मुलगे-मुली विलायतेस, जर्मनीस किंवा अमेरिकेस आहेत, असे पालक आतां आमच्या भागांतही आहेत. तिकडे जाऊन आल्यावर ते तेथील आगगाड्यांच्या सोयींची नवलाई सांगतात. ती सोय आकाशांतून पडलेली नाहीं, हें मात्र लक्षांत ठेविलें पाहिजे. इंग्लंडांत व्हीलचेअरवरील उतारूस एके काळीं गार्डाच्या डब्यांत, सायकली व पार्सलें ह्यांच्या शेजारीं बसून प्रवास करावा लागे. १९७० नंतरच्या दशकांतही हें चालू होतें. १९९५ सालीं तेथें अपंगांविरुद्ध भेदभावास मनाई करणारा कायदा झाला. १९९८ सालीं त्याखालीं डब्यांचे नियम झाले: दार किती रुंद असावें, दांडीचा रंग भोंवतालाहून कसा निराळा असावा, शौचकूपांत खुर्ची कशी वळावी. शेवटीं जुन्या डब्यांसही २०१९ अखेरची मुदत घातली गेली. कांहींना ती वाढवून द्यावी लागली. पण मुदत होती म्हणूनच वाढवून मागावी लागली.

अमेरिकेंत ह्याहून कठीण प्रसंग आला. १२ मार्च १९९० रोजीं वॉशिंग्टन येथील संसदगृहाच्या पायऱ्यांपुढें अनेक अपंगांनीं आपल्या खुर्च्या व कुबड्या टाकून दिल्या, आणि हातांवर सरपटत ते त्या पायऱ्या चढून गेले. त्यांत आठ वर्षांची एक मुलगीही होती. त्याच वर्षीं २६ जुलै रोजीं कायदा झाला, आणि प्रत्येक आगगाडीस निदान एक डबा तरी अपंगांस चढण्याजोगा पांच वर्षांच्या आंत असावा, असें ठरलें.

जपानची रीति आम्हांस विशेष अनुकरणीय वाटते. तेथें व्हीलचेअरवरील उतारू आला कीं स्टेशनावरील नोकर त्यास कोठें उतरावयाचें तें विचारतो, घडीची फळी दाराशीं लावून त्यास आंत बसवितो, आणि उतरण्याच्या स्टेशनास फोन करितो. तेथें गाडी थांबते तेव्हां दुसरा नोकर त्याच दारापुढें फळी घेऊन उभा असतो. ह्यांत यंत्र थोडें आणि शिस्त फार आहे. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणें अशी मदत विनामूल्य द्यावी लागते. पूर्वीं ४८ तास आधीं कळवावें लागे, जून २०२३ पासून २४ तास पुरतात. स्वित्झर्लंडानें आणखी एक पाऊल पुढें टाकिलें. तेथें फलाट ५५ सेंटिमीटर उंच ठेवून नव्या डब्यांची जमीनच त्या उंचीवर खालीं आणिली, म्हणजे फळीही नको आणि नोकरही नको. २००४ पासून २० वर्षांत सर्व स्टेशनें तशीं करावयाचीं होतीं. २०२३ अखेर पुष्कळ स्टेशनें राहून गेलीं. तरीही जें झालें तें थोडें नाहीं.

परंतु तिकडे सर्व स्वर्गच आहे, असेंही कोणीं समजूं नये. टॅनी ग्रे-थॉम्प्सन ह्या ११ पॅरालिंपिक सुवर्णपदकें जिंकलेल्या बाई, विलायतेच्या उमरावसभेच्या सभासद. ऑगस्ट २०२४ मध्यें एका रात्रीं त्यांची गाडी लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनांत आली. फळी घेऊन कोणीच आलें नाहीं. शेवटीं त्या डब्यांतून सरपटत फलाटावर उतरल्या. जेथें कायदा आहे, फळी आहे, पगारी मनुष्य आहे, तेथेंही तो मनुष्य न आल्यास उमरावाची अशी गत होते. ह्यावरून आम्ही एकच बोध घेतों. दुसऱ्याच्या हातावर अवलंबून असलेली सोय ही अर्धी सोय होय. फलाट व डबा एका पातळीवर आले तरच ती पुरी होते.

आपल्या देशांत हें अशक्य आहे काय? नागपूरची मेट्रो २०१९ सालीं व पुण्याची २०२२ सालीं सुरू झाली. तेथें पाळण्यानें वर जावें आणि व्हीलचेअर फलाटावरून सरळ डब्यांत न्यावी. मध्यें पायरीच नाहीं. मुंबईंत घाटकोपर येथें २०१४ सालीं एक विद्यार्थिनी गाडी व फलाट ह्यांमधील फटींत सांपडून दोन्ही हात गमावून बसली. तेव्हां उच्च न्यायालयानें लक्ष घातलें आणि उपनगरी फलाट ९०० मिलिमीटरांच्या पुढें उंच होऊं लागले. म्हणजे आपल्या इंजिनियरांस विद्या ठाऊक आहे. ज्या मार्गावर मालगाड्याही धांवतात तेथें फलाट वाटेल तितका उंच करतां येत नाहीं, ही अडचण खरी. तेथें स्वित्झर्लंडाप्रमाणें डब्याची जमीन खालीं आणण्याचा विचार नवे डबे बांधतांना करावा लागेल. तोंपर्यंत फळीचा उपाय आहे. पण दीड फूट चढण्यास एकास बारा असा सौम्य उतार द्यावयाचा तर फळी अठरा फूट लांब हवी. आंखूड फळी चढ उभा करिते, व ढकलण्यास बळकट मनुष्य लागतो. म्हणून फळीस आम्ही औषध म्हणूं, आरोग्य म्हणणार नाहीं.

कायद्याचीही आपणांस उणीव नाहीं. १९९५ च्या कायद्यानें रेल्वेचे डबे अपंगांस सुलभ करावे असें सांगितलें. त्याच्या जागीं आलेल्या २०१६ च्या कायद्यानें तेंच अधिक विस्तारानें सांगितलें. परंतु त्याच्या ४१ व्या कलमांत एक वाक्य आहे: जुन्या वाहनांत फेरफार करावे, पण तांत्रिक दृष्ट्या शक्य असेल, आर्थिक दृष्ट्या परवडत असेल, आणि रचनेंत मोठा बदल करावा लागत नसेल तेथें. इतक्या ‘असेल’ आणि ‘नसेल’ मधून व्हीलचेअर पुढें कशी जावी? ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं राजीव रतूडी ह्यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, सुगमतेचे किमान नियम शिफारसवजा असून चालणार नाहीं, ते बंधनकारक असले पाहिजेत. डिसेंबर २०१५ पासून ‘अपंग’ ह्या शब्दाऐवजीं ‘दिव्यांग’ हा गोड शब्द प्रचारांत आला. शब्द चांगला आहे. पण नुसत्या शब्दानें पायरी एक इंचही खालीं येत नाहीं.

ह्यावर दोन आक्षेप येतात. पहिला खर्चाचा. इतक्या थोड्या लोकांसाठीं एवढा पैसा कां घालावा? ह्यास उत्तर असें कीं, जे स्टेशनावर येतच नाहींत त्यांस स्टेशनावर मोजून ते थोडे आहेत असें म्हणतां येत नाहीं. नदीस पूल नसतांना किती लोक पोहून जातात हें मोजून पुलाची गरज कोणी ठरवीत नाहीं. शिवाय पातळ्या जुळल्या तर गाडींत चढण्यास सर्वांनाच कमी वेळ लागेल, आणि आज धांवत चढणारे आपण सर्व उद्यां म्हातारे होणारच आहों.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. आपल्याकडे माणुसकी आहे, हांक मारतांच दहा हात पुढें येतात, मग यंत्रें कशाला? हे दहा हात आम्हीं पाहिले आहेत व त्यांस आमचा नमस्कार आहे. परंतु परोपकार हा करणाऱ्याचा गुण आहे. तो घेणाऱ्याचा रोजचा आधार होऊं शकत नाहीं. वर सांगितलेल्या मुलास कोणीही वाईट वागविलें नव्हतें. सर्वांच्या चांगुलपणाखालींच त्याचें शिक्षण थांबलें. ज्या गोष्टीचा हक्क आहे ती उपकार म्हणून मिळूं लागली, म्हणजे घेणाऱ्याची मान खालीं जाते, आणि देणाऱ्यास त्याचा पत्ताही लागत नाहीं.

आतां आमच्या जिल्ह्यापुरतें बोलूं. स्टेशनांच्या नूतनीकरणाच्या ‘अमृत भारत’ योजनेंत हिंगोली डेक्कनचें नांव आहे. कमानी व रंगीत दिवे ह्यांची आम्हांस हौस नाहीं असें नाहीं, पण मागणी करावयाची तर चार गोष्टींची करावी. रस्त्यापासून फलाटापर्यंत, आणि एका फलाटावरून दुसऱ्यावर, पायरीवांचून जातां यावें. अपंगांचा कप्पा कोणत्या गाडीस कोणत्या जागीं थांबेल, हें फलाटावर ठळक लिहिलेलें असावें, आणि फलाट तेथपर्यंत पुरावा. उतरती फळी व व्हीलचेअर कुलुपांत न ठेवतां एका जबाबदार नोकराच्या हातीं असावी, व त्यानें जपानी रीतीप्रमाणें पुढील स्टेशनास कळवावें. आणि हें सर्व केव्हांपर्यंत होणार, ती तारीख जाहीर व्हावी. ह्या चारांपैकीं तिसरी व चौथी गोष्ट करण्यास मोठा खर्चही नाहीं.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, तुम्हांसही ह्यांत काम आहे. भूमितीच्या तासाला तुम्ही उंची मोजण्यास शिकतां. एक फितवी घेऊन, स्टेशनमास्तरांची परवानगी मागून, वसमत, बोल्डा व हिंगोली येथील फलाट, जिना व दरवाजे मोजा, आणि तीं मापें नीट तक्त्यांत लिहून रेल्वेच्या नांदेड विभागाच्या अधिकाऱ्यांकडे पाठवा. नुसत्या तक्रारीपेक्षां मापांचा तक्ता अधिक बोलका असतो. अपंगांच्या कप्प्यांत, तो रिकामा असला तरी, बसूं नका. आणि कोणी अडलेला दिसला तर एकदम त्याच्या काखेंत हात घालूं नका. आधीं विचारा, तो सांगेल तसें करा, आणि तो नको म्हणाला तर राग मानूं नका. त्याचें शरीर त्याचें आहे.

ज्या दिवशीं आमच्या शाळेंतील पाय नसलेलें मूल कोणाचे आभार न मानतां, कोणाच्या खांद्यावर न बसतां, खिडकीजवळची आपली जागा आपण गांठील, आणि ही गोष्ट इतकी साधी वाटेल कीं तिच्याकडे कोणी वळूनही पाहणार नाहीं, त्या दिवशीं आमच्या जिल्ह्यांत आगगाडी खऱ्या अर्थानें आली असें आम्ही समजूं.